वोदा

आईकडे तेव्हा दुकानापुरती चेक होती:
रोहलिक पाव, दूध, पिशवी हवी का, सुटे नाहीत,
आणि एक ते हजार आकडे, घोटून घोटून पाठ,
कारण पैशात चूक झाली तर गिऱ्हाईक सावकाश बोलत नाही,
मोठ्यानं बोलतं.

बाकीचं तिला नुसतं ऐकू यायचं.
आमच्या व्हिएतनामीत एकेक अक्षर सुटं,
उन्हात मांडलेल्या माकुळांसारखं.
तेप्लित्सेची माणसं बोलायची ती सैल कणीक.
कुठे तोडायची ते ठाऊक असेल
तरच गोळा हाती यायचा.

पानी ह्रुबेशोवा दर मंगळवारी दहा रोहलिक न्यायच्या.
नवरा बाहेर उभा, कुत्र्याची दोरी मनगटाला गुंडाळून.
फेब्रुवारीत एकदा एकट्याच आल्या. म्हणाल्या, पाच.
पुढे एक लांब, घसरतं वाक्य
आणि त्याच्या टोकाला एक जड शब्द:
व्दोवा.

आईनं डोक्यातला सगळा माल धुंडाळला.
त्यातल्या त्यात जवळचं सापडलं ते उचललं.
वोदा. पाणी. दीड लिटर, बुडबुड्यांशिवाय.
बाईंनी बाटलीकडे पाहिलं, मग आईकडे,
आणि पैसे दिले.

असे अकरा मंगळवार.

बाराव्याला मला ताप होता, शाळा बुडाली होती.
काउंटरखाली खोक्यांच्या पुठ्ठ्यावर पडल्या पडल्या
कार्टून बघून तयार झालेल्या माझ्या कानांनी ऐकलं.
आई, त्या पाणी मागत नाहीयेत.
मग आमच्यातला शब्द सांगितला.
एरवी ती मला दोनदा म्हणायला लावायची.
हा नाही.
तिच्या आईला अख्खं गाव त्याच शब्दानं ओळखायचं.

त्यानंतर तो तिला जागोजागी भेटायला लागला:
बसथांब्यावर, रेडिओत, पोस्टाच्या रांगेत.
"कुठे होत्या गं या सगळ्या आधी?"
इथेच, मी म्हटलं. आपल्याकडेच येतात.

पुढच्या मंगळवारी तिनं पाच मोजले,
बाटलीला हात लावला नाही.
पानी ह्रुबेशोवा दारापर्यंत गेल्या, परत फिरल्या,
जरा ओशाळून विचारलं:
"आ वोदा?"

या वेळी त्या पाणीच मागत होत्या.
पण आईला आता तो दुसरा शब्द येत होता.
काउंटरला वळसा घालून ती बाहेर आली,
त्यांचा हात धरला,
हो म्हणाली, हो, हो, मला कळलं.

रांगेत चार माणसं.
माझ्या हातात बाटली.