ही बाजू वर

टॉडमॉर्डनच्या आमच्या गल्लीत सपाट असं काही नाही.
घरं एकमेकांच्या खांद्यावर चढून बसलेली,
आणि त्यांच्या पायथ्याशी, चाकांना विटा लावून,
माझी व्हॅन.

पूर्वी ती कुत्र्यांचे केस कापत गावोगाव हिंडायची.
अजूनही येणारी-जाणारी कुत्री तिच्यापाशी अडतात,
मागचं चाक हुंगतात
आणि मालकाला ओढत पलीकडच्या बाजूला नेतात.
पत्र्याच्या पन्हळी-पन्हळीतून मी केस उकरले,
पांढरे, करडे, कुरळे,
एक आख्खं कुत्रं उभं राहील इतके.
जुन्या टबाच्या स्क्रूंची भोकं बुजवली,
गंज घासला, पन्हळींत फोमच्या पट्ट्या बसवल्या.

समोरचे बॅराक्लफ
चाळीस वर्षं लोकांच्या घरात गालिचे घालत होते.
आता दोन्ही गुडघे धातूचे.
घडीची खुर्ची फुटपाथवर टाकून ते माझं काम बघतात.
मी पाणसळ ठेवली.
बुडबुडा रुसल्यासारखा कोपऱ्यात जाऊन बसला.
"ठेव ती आत," ते म्हणाले.
"व्हॅनला विचार. पृथ्वीचं नंतर बघू."

सात फूट दहा इंच गुणिले पाच फूट आठ.
एवढी जमीन माझ्या नावावर.
हिचा सातबारा नाही,
रात्रीत बांध कोरणारा भाऊबंद नाही,
आणि पायाखालून सरकली तर सरकू दे,
त्यासाठीच तर घेतली.

पद्माकरला गाडी लागते.
लग्नानंतर पहिल्याच घाटात मला ते कळलं.
निवृत्तीच्या पैशातून मी ही आणली त्या दिवशी
त्याने एवढंच विचारलं, "कुठे जाणार?"
मी म्हटलं, आधी उभं राहायला जागा तर होऊ दे.

वॉशिंग मशीनच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला.
चाकाच्या कमानीभोवती कातरत गेले,
ब्लाउजचा मुंढा बेतावा तसा,
थोडं कमी, अजून थोडं, आता पुरे.
प्लायच्या गुळगुळीत अंगावर पेन्सिलने लिहिलं:
ही बाजू वर.
मराठीतच लिहिलं,
काही चुकलंच तर चूक निदान घरातली राहील.

मग पुठ्ठा ठेवला, रेघ मारली, करवत चालवली.
दोघांनी उचलून आत नेलं,
म्हणजे मी उचललं, बॅराक्लफनी दार धरलं.

कमान उजवीकडे आली.
चाक डावीकडे होतं.

पुठ्ठाच पालथा पडला होता.
चौतीस वर्षं इस्पितळात गोळ्या मोजल्या,
एक जास्त नाही, एक कमी नाही,
आणि इथे भर गल्लीत
मी आरशातली व्हॅन कापून ठेवली होती.
बॅराक्लफ हसले नाहीत.
कपातला चहा बघत राहिले बराच वेळ.
मग म्हणाले,
"हॅलिफॅक्सच्या एका हॉटेलात
मी पूर्ण जिना उलटा कापला होता. तीन मजले."
आणि थोड्या वेळाने,
"तुझा तर उलटता येतो."

उलटला.
डब्याला झाकण बसावं तसा बसला.

वर आता खडबडीत अंग,
एक काळी गाठ आणि लांबट ठिगळ.
व्हिनाइल उद्या येईल, झाकून टाकेल, कुणाला कळणार नाही.
पद्माकर सपाता काढून आत चढला,
मान वाकवून उभा राहिला,
एकदा टाचांवर आपटून पाहिलं.
"वाजत नाही," म्हणाला.
व्हॅन जागची हलली नव्हती,
तरी त्याने दाराची कड घट्ट धरली होती.
"समोर बघत बसलं की कमी त्रास होतो म्हणतात,"
कुणालाच उद्देशून नाही, असं तो म्हणाला.

संध्याकाळी विटा तपासायला खाली वाकले
तेव्हा मला माझं अक्षर आठवलं.
पत्र्याकडे तोंड करून,
आता जाईल त्या प्रत्येक रस्त्याला ते सांगत राहील:
ही बाजू वर.
एक कुत्रं आलं, थांबलं,
हुंगलं,
आणि पहिल्यांदाच तिथून हलेना.