निकष

कोळसा खाणीच्या सर्व्हे ऑफिसातून
लिलावात उचललेलं हे बावीस किलोचं धूड
पैकूभाऊच्या ऑटोतून आलं,
सरकीच्या दोन पोत्यांमध्ये बसून.
उतरवताना तो म्हणाला,
"काय व शीलरत्ना, कम्प्युटर घेतला का गिरणी?"

झाकण काढलं तर आत मऊ काळी साय.
ब्रशने झाडली, उरली ती फुंकणीने.
चुलीचीच. ब्लोअर कुठून आणू?
रॅमच्या पट्ट्या पोरीच्या खोडरबराने घासल्या,
स्ट्रॉबेरीच्या वासाच्या.
तीन दिवस नखांत कोळसा राहिला,
भाकरी थापताना दिसायचा.

पहिल्यांदा चालू केलं तेव्हा पंखे असे घुमले
की रसवंतीवाला घुंगरं थांबवून बघून गेला.
पडद्यावर तारीख आली: १ जानेवारी २००९.
बोर्डावरचा सेल मेला होता.
वजनकाट्यातला काढून बसवला,
पण तारीख तेवढी लगेच बदलली नाही. राहू दिली.

नवी सिस्टीम पेनड्राइव्हवर.
ठिपके गोल गोल फिरले, आणि शुद्ध मराठीत उत्तर:
हे यंत्र आवश्यक निकष पूर्ण करत नाही.
मला हसूच आलं.
हे वाक्य मी रोज दुसऱ्यांना वाचून दाखवते,
घरकुलाच्या यादीवरून, शिष्यवृत्तीच्या फॉर्मवरून,
आणि लोक विचारतात, "काहून पण?"
मीही विचारलं.
नखाएवढी एक चिप नाही म्हणे.
दोन प्रोसेसर, चोवीस जीबी रॅम,
अंगाने पैलवान,
पण दाखला नाही.

दाखल्याशिवाय आत कसं शिरायचं
हे आमच्या तालुक्यात कुणाला शिकवावं लागत नाही.
एक नोंद बदलली.
लाईट गेली. आली.
पुन्हा पहिल्यापासून.

रात्री अकराला त्याने विचारलं,
या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल. पुढे जायचं?
मी मागे गेले.
जुनी सिस्टीम शेवटची उघडली.
नकाशेच नकाशे. एका नकाशात चिंचटोला,
खाणीत जायच्या आधीचा:
नाल्याकडची पायवाट तुटक रेघेत,
विहीर क्रमांक चार, बौद्ध विहार,
आणि सदतिसावा चौकोन. घर, माती, कवेलू.
आमचं.
तेवढी एक फाइल पेनड्राइव्हवर घेतली
आणि पुढे जा दाबलं.

पहाटे चारला सगळं बसलं.
घड्याळ बरोबर, प्रिंटर ओळखला, मराठी टाइपही.
नकाशावर क्लिक केलं तर म्हणालं,
ही फाइल कशात उघडू?
मला कुठे माहीत.
पडद्यावर नुसता कोपरा दुमडलेला कोरा कागद,
खाली गावाचं नाव इंग्रजीत,
एक अक्षर चुकवून.

सकाळी आई डबा घेऊन आली.
"झालं का व तुह्यं?"
"झालं."
मशीनच्या पाठीवर हात ठेवून तिने पाहिलं,
मग डबा तिथेच ठेवला.
"गरम राहीन," म्हणाली.