चार नंबर

इतवारीत पोत्यातून येते नाल,
वजनावर विकली जाते.
पाठीवर नंबर ठोकलेला, भोकं एका ओळीत,
तेल पुसलं की चकाकते.
दुकानदार विचारतो, कोणता नंबर?
चपलेचा विचारावा तसा.
घोडी आहे, म्हटलं, वरातीची.
मग चारच न्या, चार सगळ्यांना चालते.

सुंद्रीला नाही चालली.

ठोकणारा पोरगा मोटरसायकलवर आला,
कानात गाणं, डिकीत हातोडा.
नाल टाचेशी अरुंद पडली.
त्यानं नाल नाही उघडली,
खूर घासला.
बाटलीचं बूच कमी करावं
तशी कानस फिरवत बसला,
शेणावर पांढरा भुसा पडत राहिला,
आणि पाऊल दिसायला लागलं नीटनेटकं.
मीही म्हटलं, वा.

नवतपा. मानेवाड्याचा सिमेंट रस्ता
रात्री नऊलाही धग सोडत नव्हता.
बँडच्या तिसऱ्या गाण्याला तिनं
डावा पुढचा पाय उचलला
आणि तसाच धरून ठेवला,
काही विचारायचं असल्यासारखा.
लोकांना वाटलं, घोडी नाचते.
नोटा ओवाळल्या तिच्यावरून.
मी गोळा केल्या.

सकाळी भालदारपुऱ्यात नेली,
कडेकडेची माती शोधत.
मुनीरचाचांच्या भट्टीला आता
जुन्या कूलरचा पंखा वारा घालतो.
आधी त्यांनी हत्यार उचललंच नाही.
गल्लीच्या तोंडापर्यंत चालवून पाहिली, परत आणली,
मग पाय मांडीत घेतला,
ताप कुठे आहे ते तळव्यानं शोधलं.
एकेक खिळा काढला.
पाचव्याला ओल होती.
हुंगला. मला दाखवला नाही.

मी म्हटलं, मशीनची नाल वाईटच, चाचा,
तुम्ही हातानं घडवून द्या.
"मशीनले काऊन बोलून राह्यली?
तिनं एका घोड्याची नाल बनवली.
तो घोडा कुठंच नाही, पोरी.
आता त्या लोखंडाले सांगा लागते
का हे सुंद्री हाय."

भिंतीवर एक जोडी टांगलेली,
टांग्यांच्या काळातली, घणाचे घाव अजून अंगावर.
मग ती द्या, म्हटलं.
ते हसले.
"माह्या बापाच्या हातची हाय ते.
तुह्या घोडीच्या पायाची नाही."

पंधरा दिवस पाय उघडा.
मिठाचं पाणी, हळद, फडकं.
चार वराती गेल्या दुसऱ्यांकडे.
त्या रात्रीच्या नोटांचं कुटार आणलं,
तिनं ते खाल्लं, तिला काय माहीत.

सोळाव्या दिवशी तीच चार नंबरची नाल
विस्तवातून लाल निघाली.
खुराला टेकवली, धूर आला, जळल्या केसांचा वास आला,
पुन्हा ऐरणीवर, पुन्हा खुराला.
टाचेशी उघडली,
बाहेरच्या अंगाला एक तांदूळ जास्त ठेवली,
कारण ती आधी बाहेरून पाय टेकते.
हे मला नऊ वर्षांत दिसलं नव्हतं.
जुन्या भोकांतली दोन त्यांनी मोकळीच सोडली,
नवं एक पाडलं, जिथं खूर जाड होता तिथं.

परतताना मी मागे राहून ऐकत होते.
सिमेंटवर तीन पावलं सारखी,
चौथं जरा हलकं.
थांबले. वळून विचारावं म्हटलं.
ती थांबली नाही.