धर्माची गाय

पहिलं खोकं उघडताना कुरियन सर म्हणाले,
नीट मोजून घे.
मी म्हटलं, सर, आमच्यात म्हणतात,
धर्माची गाय आणि दात का गं नाय.
ते हसले नाहीत.

तर मानखुर्दच्या गोदामात, पत्र्याखाली,
दात मोजणं ही माझी नोकरी.
चाळीस कॉम्प्युटर. सहा आठवडे समुद्रात,
न्हावाशेव्याला कस्टममध्ये आणखी पाच,
आणि तिथल्या भाड्यात किती नवे आले असते
ते मी वहीत लिहिलेलं नाही.

सतरा सुरू झाले.
नऊ सुरू होऊन नुसते विचार करत बसले.
बाकीचे आतून पोकळ.
एकात वाळलेला कोळी निघाला,
बिनपासपोर्टचा.

इद्रीसभाई वजनकाटा घेऊन दारातच.
"तुमचं दान, माझं भंगार, ताई,
मध्ये फक्त हा काटा."
ते नेतील. मागच्या गल्लीत वायरी जळतील.
तो वास मला ओळखीचा आहे,
माझा भाऊ तिथंच खोकायला शिकला.

डिस्क मी तीनदा पुसते. नियम आहे.
पुसण्याआधी आत बघायचं नाही, हाही नियम.
पण कीबोर्ड उलटा करून झटकला
की पडायचं ते पडतंच:
पावाचा चुरा, नखाचा तुकडा, एक भुरा केस.
कुणीतरी दहा वर्षं इथं जेवलं
आणि ताट न धुता उठलं.

शुक्रवारी गोवंडीच्या शाळेत सतराच्या सतरा लावले.
रिबन, फोटो, गार समोसे.
नऊ वर्षांच्या झोयाने एकेक अक्षर हुडकून
आपलं नाव दाबलं.
पडद्यावर आलं, योझा.
पुन्हा दाबलं. योझा.
माझ्याकडे बघितलं तिनं,
चूक आपलीच असणार अशा नजरेनं.

कीबोर्ड जर्मन.
तिकडे वायच्या जागी झेड बसतो, झेडच्या जागी वाय,
काही अक्षरं डोक्यावर दोन टिंबं घेऊन फिरतात.
सर म्हणाले, सेटिंग बदल, दोन मिनिटांचं काम.
बदललं असतं.
मग बाहेरच्या प्रत्येक कीबोर्डवर
ती जन्मभर योझा.

मी स्क्रू ड्रायव्हर घातला आणि दात उपटले,
सतरा दुणे चौतीस,
याचा त्याला, त्याचा याला.
वरच्या ओळीतला खाली नीट बसत नाही,
जरा उंच राहतो, बोटाला लागतो.
झोयाला तो आवडला. न बघता सापडतो म्हणाली,
तो माझा.

आभाराचं पत्र आज जायला हवं.
"आपल्या उदार देणगीबद्दल" इथवर आले
आणि तासभर कर्सर डोळे मिचकावतोय.
खाली लिहिलं:
पुढची गाय धाडण्याआधी
तिच्या दुधाचा एकदा चहा करून बघा.
कळावे, लोभ असावा.

मग पुसलं.
तीनदा, नियमाप्रमाणे.