खुंटे

पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवून महानंदा बिराजदार म्हणाली,
"मुजीबभाई, प्रबंध ह्याच्यातच आहे. सापडत नाही."

उघडलं. एकाच फोल्डरात दोनशे चौदा फायली,
ऑक्स, लॉग, टीओसी, आणखी कसले कसले शेपटीवाले.
बाजार उठल्यावर हाळीच्या मैदानात राहतं तसं:
शेण, कडब्याची धाटं, तुटकी म्होरकी,
आणि मधेच कुठंतरी
विकायची राहिलेली एक गाय.

"काय करलालाव?"
मी सगळं निवडून डिलीट करायला निघालो तेव्हा ती ओरडली.
म्हटलं, तू लिहिलेलं तेवढं ठेवतो.
बाकीचं मशीन स्वतःसाठी लिहितं,
हवं तेव्हा पुन्हा लिहून देतं.
देगलूर रोडच्या ह्या दुकानात
पुसून जसंच्या तसं परत मिळणारं
दुसरं काही माझ्याकडं नाही.

मग नवं फोल्डर केलं, नाव दिलं खळं.
कंपाइलच्या ओळीत सांगितलं,
जे काय सांडायचं ते तिकडं सांड,
पीडीएफ तेवढी अंगणात आणून ठेव.
एन्टर.
उत्तर आलं: लिहिता येत नाही.

हे मी दर वेळी विसरतो.
तिचं एकेक प्रकरण आपापल्या फोल्डरात होतं,
आणि खळ्यात तसलं काहीच नव्हतं.
ह्या मशीनला जोडाक्षर जमतं, वेलांटी जमते,
ओळ दोन्ही कडांना टेकवणं जमतं,
पण एक रिकामी खोली बांधता येत नाही.
ती आपण बांधायची. आधी. हातानं.

"म्हणजे खुंटे अगोदर ठोकायचे," ती म्हणाली,
"मग जनावर आणायचं."
पशुवैद्यकीयची पोरगी. देवणीवर काम,
वानेरा, बालंक्या, शेवरा,
दोन वर्षांचं दूध लिटरात मोजलेलं.

प्रकरणं सहा. बोलता बोलता मी फोल्डरं सात केली.

पहिल्या फेरीत पानोपानी दोन-दोन प्रश्नचिन्हं.
तिचा चेहरा उतरला. म्हटलं, थांब,
आत्ता त्यानं फक्त दावणीला कोण कुठं उभंय
ते खळ्यात टिपून ठेवलंय.
आपलंच टिपण वाचून पुढच्या फेरीत नंबर घालील.
घातले.
लाइट गेली, इन्व्हर्टर कुरकुरत उठला, तिसरी फेरी.
एकशे अठ्ठ्याऐंशी पानं,
आणि एकशे एकेचाळिसाव्या पानावर अजून
"तक्ता ?? मध्ये दाखवल्याप्रमाणे".

खळ्यात उतरलो. ऑक्स फाइल उघडली,
ती सहसा कुणी उघडत नाही.
चंद्री, चार पॉइंट सात, पान त्र्याण्णव.
पवळी, चार पॉइंट आठ, पान पंच्याण्णव.
भिंगरी. कावेरी. लाडी.
छापील पानावर ह्यातलं एकही नाव नाही,
तिथं गाय क्रमांक सात, गाय क्रमांक आठ.
आणि लॉगच्या तळाशी एकच तक्रार:
गुणी नावाचं इथं कुणी नाही.

"मालकानं मधेच विकली," महानंदा म्हणाली.
"गाईडनी तक्ता काढायला लावला.
अकरा महिन्यांच्या नोंदी होत्या.
पाचव्या प्रकरणात उल्लेख राहिला असंल."

वाक्य काढू का, विचारलं.
तिनं माऊस स्वतःकडं ओढून घेतला,
त्या ओळीवर नेला,
आणि तसाच सोडून दिला.
"उद्या सांगते."

प्रबंध घेऊन गेली. खळं माझ्याकडंच राहिलं.
शटर ओढायच्या आधी एकदा बघितलं,
सहा फोल्डरांत आपापली जनावरं बांधलेली,
सातवं रिकामं.
पुसायला एक बोट पुरतं.