एकतीस सेंटिमीटर

पेन दिनासच्या टेकडीवर
आमचा फेरा बंद झाला नाही.

खिळा तोच होता.
सकाळी नऊला मीच ठोकलेला, डोक्याला लाल रंग लावून.
सात ठिकाणं हिंडून, सात कोन घेऊन
दुपारी तीनला मी पुन्हा त्याच्यावर उभी होते,
बुटाखाली तो टोचत होता.
वहीत मात्र मी
एकतीस सेंटिमीटर वायव्येला, गवतात.

इद्रिस म्हणाला, वारा.
(इद्रिस वेल्श आहे, चॅपलमध्ये ऑर्गन वाजवतो;
पहिल्या आठवड्यात मी त्याला
यंदा ईद कधी आहे, ते विचारलं होतं.)
वारा होताच. अ‍ॅबरिस्टविथच्या दोन्ही नद्या
जिथं एकाच बंदरात शिरतात
तिथून वर येत होता, ओला, खारा,
आणि इद्रिसच्या हातातली लाल-पांढरी काठी
पिऊन आल्यासारखी डुलत होती.

डॉक्टर मेरेरिद यांनी
हीटरवर हात ठेवून सगळं ऐकून घेतलं.
चूक शोधत बसू नका म्हणाल्या, वाटून टाका.
लांब बाजूला जास्त, आखूड बाजूला थोडी.
मग आकृती आपली आपण मिटते.
खोडरबर? तो इथं चालत नाही.
चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ मारायची,
आणि तीही अशी
की खालचा आकडा वाचता आला पाहिजे.

मी वाटत बसले.
कुंपण ते ओढा, नऊ.
ओढा ते ते एकटं काटेरी झाड, चार.
सात बाजू, जणू सात वारस,
आणि बापानं मागं ठेवलेलं
फक्त एवढंच.

टेपच्या सुरुवातीला बारीक अक्षरांत छापलंय:
वीस अंश सेल्सिअस.
म्हणजे तेवढ्या उबेतच ती खरं बोलते.
त्या दिवशी पाच होते.
थंडीत पोलाद आखडतं,
आणि आखडलेल्या टेपनं मोजलं
की तेच अंतर जास्त भरतं.

माझे बाबा मंगरूळपीरला भूकरमापक होते.
साखळी, झेंडे, ओलं फडकं गुंडाळलेली पाण्याची बाटली.
मे महिन्यात दुपारची मोजणी ठेवायचे नाहीत.
‘उन्हानं साखळी लांबते, पोरी. मंग वावर कमी भरते.
अन् भाऊ म्हणते, भावानं चोरलं.’
मला वाटायचं, जमीनच आटत असेल उन्हात,
चुलीवरच्या दुधासारखी.

म्हणजे तिथून मोजलं तर मी जवळ आहे
आणि इथून मोजलं तर लांब.
हे मी खरंच मांडून पाहिलं,
हॉस्टेलच्या किचनमध्ये, पावतीच्या पाठीवर,
भात बुडाला लागेपर्यंत.

रविवारी फोन लावला.
जेवलीस का, हे त्यांनी विचारलंच नाही.
‘चूक किती आली?’
एकतीस सेंटिमीटर.
पलीकडे पंख्याचा आवाज. मग हसले.
‘हे तं बांधाच्या रुंदीत जाते.’

मेरेरिदबाई वेगळ्या शब्दांत हेच बोलल्या होत्या.
एकास अडीच हजारच्या नकाशावर
पेनाची रेघच जमिनीवर अर्धा मीटर रुंद.
तिच्या आत कोण किती सरकलं
ते कागदाला कळत नाही.

नकाशाला बासष्ट मार्क पडले.
शेरा एकच: नदीचं नाव नदीला टेकू देऊ नका.

खिळा उपटायला इद्रिसला सांगितलं होतं, तो विसरला.
काल एकटीच वर गेले.
रंग बराचसा गेलाय, एक मेंढी जवळच चरत होती,
तिनं मान वर केली नाही.
एक पाय खिळ्यावर ठेवला,
दुसरा एकतीस सेंटिमीटर वायव्येला.

अवघड काहीच वाटलं नाही.
नुसतं उभं राहताना
दोन पायांत एवढं असतंच.