पाठ

कृष्णपुऱ्याच्या छत्रीपाशी शरयूमावशीने रिक्षा थांबवली.
हीच पायरी. इथेच राणीसाहेब रडल्या,
खांबाला टेकून.

चौकीदार डबा खाता खाता म्हणाला,
"खंभा तो थर्माकोल का था, ट्रक में गया."

तरी तिने हात लावून पाहिला,
खांब नव्हता तिथे.

मग तो जरा ओशाळून,
"हम भी थे उसमें. भाला लेके.
बस, पीठ दिखती है."

मावशी वळसा घालून त्याच्या मागे गेली,
चष्मा पुसला.
डावा खांदा उतरता, मानेवर तीळ...
अहो, तुम्हीच की ते!
एवढं रडणं चाललेलं, आणि
एक तुम्हीच वळून बघितलं नाहीत.

खान नदीवरून वास येत होता.
हातातला घास तसाच,
तो उठून ताठ उभा राहिलेला,
आमच्याकडे पाठ करून.